शालनताईंचं तोंड येत नाही

शालनताई पोवारांचं तोंड कधी येत नाही, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती आणि त्याबद्दल सगळ्यांच्या मनात थोडा थोडा राग होता.

राग येण्यासारखंच होतं. जयसिंगपूरच्या पुढं शिरोळ रस्त्याला जो मसाल्याचा कारखाना आहे, त्यात चव बघणाऱ्या आठ बायका होत्या. कांदा-लसूण मसाल्याचा प्रत्येक घाणा बाजारात जाण्याआधी या आठजणींच्या जिभेवरून जायचा. दुधी भोपळ्याचा पाणचट रस्सा करायचा, ज्याला स्वतःची अशी काही चव नाही. त्यात मोजून मसाला घालायचा, चमचाभर रस्सा जिभेवर धरायचा, गिळायचा, तिखटाचा आकडा द्यायचा, वर दोन घास दहीभात खायचा की पुढचा घाणा. असे दुपारपर्यंत चौदा. वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, कामावर येण्याआधी पेस्टसुद्धा लावायची नाही. मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरून यायचं. भाजणं, दळणं, चाळणं, पिशव्या भरणं सगळं यंत्रांनी अंगावर घेतलं होतं. पण ‘हा मसाला आपलाच आहे का’ एवढं सांगायला अजून माणसाचं तोंड लागत होतं. आणि नेमकं ते तोंड दर महिन्या-दोन महिन्याला येत होतं.

तोंड येणं हा मोठा अन्यायकारक आजार आहे. पाय मोडला तर माणसं बघायला येतात, येताना मोसंबी आणतात. तोंड आलं तर कोणी धड हळहळतसुद्धा नाही. ओठाच्या आत मुगाच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा, भोवती लाल कडा, आणि त्या दाण्याएवढ्या जागेत माणसाचं सगळं ध्यान जाऊन बसतं. उपाय मात्र प्रत्येकाजवळ असतो. जाईचा पाला चावा, लोणी लावा, गुलकंद खा, तुरटीच्या पाण्यानं चूळ भरा. कारण तर सगळ्यांना एकच पाठ: उष्णता. उन्हाळ्यात ती बाहेरून येते, हिवाळ्यात आतून येते, आणि पावसाळ्यात पोट साफ नसतं.

रेवतीनं याची मोजदाद ठेवली होती. रेवती म्हणजे शालनताईंची सून, घरात त्यांना आत्या म्हणणारी. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन आलेली, दुसऱ्या खुर्चीवर बसणारी, आणि चव-खोलीच्या सगळ्या नोंदी सांभाळणारी. तिच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी आठजणींचे मिळून एकशे बारा दिवस तोंड आल्यामुळं बुडाले. त्यातले एकट्या जुबेदा मुजावरचे एकतीस. पहिल्या खुर्चीवरच्या शालनताईंचे शून्य. एकोणीस वर्षं त्या प्रमुख होत्या. घाणा सोडायचा की परत पाठवायचा, हा शेवटचा शब्द त्यांचा.

“तुम्ही काय खाता हो ताई?” जुबेदा दोन बोटांनी ओठ ओढून विचारायची.

“जे तू खातीस तेच. फक्त बोलते कमी.”

अशात कारखान्यात मणी आला.

मणी म्हणजे तांदळाच्या कणीएवढं एक यंत्र. मागच्या दाढेला बाहेरच्या अंगानं चिकटवायचं आणि विसरून जायचं. त्याचं काम फक्त लाळ वाचणं. कंपनीच्या मुलीनं येऊन सगळ्यांना समजावलं, आणि चांगलं समजावलं. तोंडाच्या आतलं अस्तर म्हणजे अंगावरचं सगळ्यात घाईनं बदलणारं कापड. आठ-दहा दिवसांत जुनं जातं, नवं येतं. ओठाच्या आत, गालाला, जिभेखाली ते अगदी मऊ आणि पातळ. कधी त्याला दाताचा चावा बसतो. कधी रक्तात लोह किंवा बी-बारा कमी पडतं. कधी फेसाळ पेस्ट त्याच्यावरचा ओला थर धुऊन नेते. कधी माणूस आठ दिवस धड झोपलेला नसतो. असं काही झालं की अस्तरातल्या पेशी घाबरून हाका मारतात आणि रक्तातल्या रखवालदार पेशी काठ्या घेऊन धावत येतात. शत्रू कोणीच नसतो. मग आलोच आहोत तर म्हणून त्या आपलीच भिंत पाडतात. भिंत पडली तिथं चट्टा.

ही हाक रसायनांची असते आणि ती लाळेत उतरते, दुखायला लागायच्या चांगले दीड-दोन दिवस आधी. मणी ती ऐकतो आणि मनगटावरच्या पट्टीला कळवतो. हिरवं म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे कुणीतरी हाक मारतंय. लाल म्हणजे निघाल्या काठ्या घेऊन. पिवळं दिसलं की जिथं चुरचुरतंय तिथं मलम लावायचं, रखवालदार वाटेतूनच परत जातात.

शिवाय महिनाभर तुमची लाळ, झोप आणि जेवण बघून मणी कारणही सांगायचा. खरी गंमत इथून सुरू झाली.

जुबेदाचं कारण निघालं रात्रीची फेसाळ पेस्ट. ती बदलल्यावर एकतीस दिवसांचे दोनावर आले, आणि बाकीच्या एकोणतीस दिवसांत ती इतकं बोलली की खोलीत सगळ्यांना तिच्या जुन्या चट्ट्यांची आठवण यायला लागली. दोघींचं निघालं लोह. सरोजचं मात्र अवघड झालं. तिची पट्टी पिवळी व्हायची ती नणंदेचा फोन येऊन गेल्यावर बरोबर अठ्ठावीस तासांनी. सरोजनं चार महिन्यांच्या नोंदी कागदावर काढून नवऱ्यापुढं ठेवल्या. नवऱ्यानं त्या नीट वाचल्या आणि स्वतःही एक मणी बसवून घेतला. त्याची पट्टी सासऱ्यांच्या भेटीनंतर पिवळी व्हायची. घरात बरोबरी झाली. कारखान्याचे व्यवस्थापक नेजकर साहेब सहामाही तपासणीच्या आदल्या आठवड्यात मनगटावर रुमाल बांधून हिंडायचे.

वर्षभरात मणी गावात पोचला. लग्न ठरवायला आलेली माणसं चहा पिता पिता मुलाच्या मनगटाकडं बघायला लागली. पूर्वी घरात कुणाचं तोंड आलं की आजी-काकी त्याला उजेडात उभं करायच्या, ‘आ कर’ म्हणायच्या, डोळे बारीक करून बघायच्या. आता कोण कशाला बघेल? पट्टी बघितली की झालं. जिल्ह्यातले सत्तर हजार लोक तोंड मिटून निश्चिंत झाले.

आणि या सगळ्यांत शालनताई पहिल्या. तीनशे सत्तर दिवस हिरव्या.

“पोवारताई, तुमचा फोटो घ्यायचाय,” नेजकर साहेब चव-खोलीत येऊन म्हणाले. “पिशवीवर छापू. ‘हिरव्या मण्याची हमी.’ पेस्टला हात नाही, तक्रार नाही, एक दिवस रजा नाही!”

“फोटोत तोंड उघडू की मिटू?” शालनताईंनी विचारलं.

“मिटूनच असू दे ताई,” जुबेदा म्हणाली. “उघडलं तर साहेबांचं येईल.”

सगळ्या हसल्या. रेवती हसली नाही. ती आकड्यांकडं बघत होती.

खोटा आकडा ओळखायचा तिचा एक साधा नियम होता: माणसाच्या आकड्याला सुरकुत्या असतात. रोज चौदा वेळा तिखट जिभेवर धरणाऱ्या बाईच्या गालाला कधीतरी दात लागणार, कधीतरी झोप मोडणार. मागच्या श्रावणात विश्वजितला, म्हणजे रेवतीच्या नवऱ्याला, गिरणीत अपघात झाला होता. चार दिवस घरात कोणी नीट जेवलं नव्हतं. त्या चार दिवसांत रेवतीची पट्टी लाल, धाकट्या दिराची लाल, आणि आत्यांची हिरवी? पिवळीसुद्धा नाही?

तिनं मण्याबरोबर आलेली पुस्तिका काढली. एकेचाळिसाव्या पानावर, ज्या पानापर्यंत कोणीच जात नाही, बारीक अक्षरात लिहिलं होतं: तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाबतीत हिरवा रंग ग्राह्य धरू नये. अशा व्यक्तींची दर महिन्याला डोळ्यांनी तपासणी करावी.

मग तिनं आत्यांचा अर्ज काढला. ‘तंबाखू खाता का?’ त्यापुढं शालनताईंच्या ठसठशीत अक्षरात: नाही.

रेवतीनं अर्ज मिटला. शालनताई खोटं बोलल्या नव्हत्या, हीच पंचाईत होती. त्या तंबाखू खात नव्हत्या. त्या मशेरी लावत होत्या.

तव्यावर जाळून काळी केलेली तंबाखू, तिची पूड तळहातावर, पहिलं बोट, आणि खालच्या ओठाच्या आत. रोज उजाडताना परसातल्या पाण्याच्या टाकीशेजारी, आणि कामावरून आल्यावर पुन्हा. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घरात तिला एकच नाव होतं, दात घासणं. “आत्या कुठायत?” “दात घासायला गेल्यात.” पाऊण तास दात घासणाऱ्या बाईला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. रेवतीनंही सहा वर्षांत विचारलं नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, भिंती रंगवतात, त्यांना कॅन्सर होतो. बायका दात घासतात.

दुसऱ्या दिवशी उजाडता रेवती परसात जाऊन उभी राहिली. शालनताई दगडावर बसल्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले, बोट ओठात. सून दिसली तशी त्यांनी बोट काढलं, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

“काय गं? चहाचं बघ की.”

“आत्या, तुमचं तोंड बघायचंय मला.”

“माझं तोंड तू सहा वर्षं बघतीस.”

“आतून.”

शालनताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“मण्याला विचार. हिरवा हाय.”

“मणी दुखायच्या आधीची हाक ऐकतो. मशेरी लावली की मऊ अस्तर निबर होतं, नांगर धरणाऱ्याच्या तळव्यासारखं. निबर कातडीला हे चट्टे येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यामुळं तो हिरवा आहे. तुम्ही बऱ्या आहात म्हणून नाही.”

“म्हणजे मशेरी चांगलीच की! उगीच तुम्ही मलमं फासता.”

“आत्या, तुम्हाला येत नाहीत ते चट्टे कधी कुणाला मारत नाहीत. त्या निबर जागेत दुसरं काही सुरू झालं तर ते दुखत नाही, आणि मण्याला कळत नाही. एवढंच विचारते, आत कुठं काही लागतं का जिभेला?”

एकोणीस वर्षं चव बघणारी जीभ. तिला तोंडातला कोपरा न् कोपरा माहीत असणार. शालनताई टाकीकडं बघत राहिल्या.

“हाय एक जागा,” शेवटी त्या म्हणाल्या. “डाव्या अंगाला. खरखरीत लागती. पर दुखत न्हाई.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

रामनवमी होऊन गेली होती. रेवती आवाज न बदलता म्हणाली, “आज सुट्टी काढू. मिरजेला जाऊ.”

“आणि तिथं काय सांगायचं? कशानं झालं म्हणून?” शालनताई उभ्या राहिल्या. “चव-खोलीचा नियम माहीत हाय तुला. तंबाखूवाल्याला जागा नाही. तो नियम मी लिहायला लावला. गुटखा सापडला म्हणून शेवंताला मी काढली, सगळ्यांच्या देखत. रडत गेली ती. आता मी जाऊन सांगू, की मीबी त्यातलीच?”

“सांगायचं नंतर बघू. आधी तोंड—”

“आणि माझ्यामागं पहिल्या खुर्चीवर कोण बसणार गं?”

हे येणारच होतं.

“मी,” रेवती म्हणाली.

“मग झालं तर. गाव काय म्हणेल ते तूच सांग. सुनेनं सासूच्या तोंडात बोट घालून खुर्ची काढली.” शालनताई आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “खुर्ची पायजे तर सरळ माग. माझं तोंड कशाला उघडायला लावतीस?”

त्या दिवशी दोघी कामाला गेल्या, शेजारी शेजारी बसल्या, चौदा घाणे चाखले. एकमेकींकडं दहीभाताची वाटी सरकवण्यापलीकडं काही नाही. जुबेदानं दोनदा विनोद केला आणि तिसऱ्यांदा केला नाही.

रेवतीपुढं दोन रस्ते होते आणि दोन्ही वाईट. नेजकर साहेबांना पुस्तिकेचं एकेचाळिसावं पान दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी आत्याची तपासणी झाली असती, आणि पुढची वीस वर्षं घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नसतं. गप्प बसली असती तर घर शाबूत राहिलं असतं, आत्या कदाचित नाही. ती रात्रभर तळमळत बसली नाही, ती तसली नव्हती. संध्याकाळी जेवणाआधी तिनं एक कागद लिहिला आणि सासूच्या ताटाशेजारी ठेवला.

शालनताईंनी चष्मा लावला. ‘मी, रेवती विश्वजित पोवार, असे लिहून देते की प्रमुखाची जागा मला देऊ केल्यास ती मी घेणार नाही. कोणत्याही कारणाने घेणार नाही.’ खाली सही.

“हे काय?”

“तुमच्याजवळ ठेवा. तुम्ही मिरजेला या. कारखान्यात काय व्हायचं ते होऊ दे. मला ती जागा देतील तेव्हा हा कागद साहेबांपुढं टाका. मग गाव काय म्हणेल?”

शालनताईंनी कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का बघितलं. घाण्याचा चमचा जिभेवर धरल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता. कुठलाच भाव नाही, फक्त लक्ष.

“तारीख घातली न्हाईस,” त्या म्हणाल्या.

“घालते.”

“खुळी हाईस. असला कागद कोण लिहून देतं का?” त्यांनी भाकरी मोडली, एक घास खाल्ला, मग ताट बाजूला सरकवलं. “विश्वा, जरा बाहेर जा बघू.”

विश्वजित पाण्याचा तांब्या हातात घेऊन काही न कळता बाहेर गेला.

शालनताई दिव्याखाली सरकल्या. खालचा ओठ दोन बोटांनी धरला. “बघ लवकर. तिथं डोळे लावून बसू नकोस.”

रेवतीनं फोनचा उजेड धरला. हिरड्या काळपट. ओठाच्या आत अस्तर सुरकुतलेलं, पांढरट, भिजल्या चामड्यासारखं. आणि डाव्या बाजूला शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा एक चट्टा, पांढरा, मध्ये लाल ठिपके.

“काय?” ओठ धरलेलाच ठेवून शालनताईंनी विचारलं.

“उद्या पहिल्या गाडीनं जाऊ.”

मिरजेच्या डॉक्टर हेरवाडे बाई उंच, घाईच्या, आणि कुणाला न घाबरणाऱ्या होत्या. त्यांनी बघितलं, दोन प्रश्न विचारले, चट्ट्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला.

“मणी काय म्हणत होता?” त्यांनी विचारलं.

“हिरवा होता,” शालनताई म्हणाल्या. अजून त्यांना थोडा अभिमान होता.

“बरोबर आहे. त्याला हाक ऐकायला ठेवलाय आणि या जागेनं हाकच मारली नाही. यंत्र शहाणं आहे हो ताई, पण त्याला जे सांगाल त्यावर. त्याला मशेरी सांगितली असती तर त्यानंच तुम्हाला माझ्याकडं पाठवलं असतं.” बाईंनी हातमोजे काढले. “साधं तोंड आलेलं दहा-बारा दिवसांत बसतं. पंधरा दिवसांत न बसलेली कुठलीही जागा, दुखो न दुखो, दाखवायची. तुम्ही तीन महिने वाट बघितलीत. आता पाच दिवस मी सांगते म्हणून बघा.”

त्या पाच दिवसांत शालनताईंनी मशेरीच्या डबीला हात लावला नाही. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मनात धास्ती होती. परसात जाऊन त्या नुसत्या दगडावर बसून यायच्या. पाचव्या दिवशी निकाल आला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण वरच्या थरातच. कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या रस्त्याला लागलेलं काहीतरी होतं आणि ते अजून वेशीवरच होतं. हेरवाडे बाईंनी तेवढी जागा काढून टाकली, चार टाके घातले. “सहा महिने दर महिन्याला दाखवायचं. मशेरी पुन्हा लावलीत तर आपली ओळख वाढेल, आणि ती तुम्हाला परवडणार नाही.”

टाके निघाल्यावर शालनताई कामावर गेल्या. त्या कुठंतरी पडल्या, दात लागला, ओठ फाटला, असं रेवतीनं खोलीत सांगून ठेवलं होतं. चांगलं खोटं होतं, निभावलं असतं. नेजकर साहेब नव्या पिशवीचा नमुना घेऊन आले. वर शालनताईंचा फोटो, तोंड मिटलेलं, मनगट पुढं.

“साहेब, हे छापू नका,” शालनताई म्हणाल्या. “मी मशेरी लावत होते. तीस वर्षं. म्हणून हिरवा होता. ओठातला बिघडलेला तुकडा कापून आलेय.”

सगळ्यांचे चमचे वाट्यांत तसेच.

“अहो पण...” साहेबांनी पिशवीकडं बघितलं, ताईंकडं बघितलं. “अर्जात तर तुम्ही...”

“अर्जात तंबाखू खाता का विचारलंय. मशेरी लावता का विचारा, मग बघा जिल्ह्यात किती हिरवे मणी खरे निघतात. नियम मला माहीत हाय, मी जाते घरी. पहिल्या खुर्चीवर रेवती बसेल.”

“मी लिहून दिलंय—” रेवती उठली.

“काय लिहून दिलंस?” शालनताईंनी कनवटीचा कागद काढला, सगळ्यांच्या देखत चार तुकडे केले आणि दहीभाताच्या उष्ट्यात टाकले. “बिनतारखेचा कागद होता साहेब. तसला चालत न्हाई.”

मग त्या बाकीच्या सहाजणींकडं वळल्या. “तुमच्यात कोण कोण घरी दात घासतं?”

दोन हात अर्धे वर आले. एक सरोजचा होता. दुसरा जुबेदाचा होता, आणि तिनं तो वर धरूनच म्हटलं, “एवढं नका बघू. मी फक्त रविवारी.”

मणी बनवणाऱ्या कंपनीला रेवतीनं पत्र लिहिलं, आणि साहेबांनी, पिशवीचा बेत फसल्याच्या रागात का होईना, त्यावर सही केली. पुढच्या अर्जात तीन ओळी वाढल्या: मशेरी, तपकीर, गुल. प्रत्येकीपुढं वेगळी चौकट. महिन्याभरात एकट्या शिरोळ तालुक्यात अकराशे हिरव्या पट्ट्यांवर ‘डोळ्यांनी तपासा’ असं लिहून आलं. घराघरांत पुन्हा ‘आ कर’ सुरू झालं.

शालनताईंवर मात्र वेगळीच वेळ आली. मशेरी सुटली तसं निबर अस्तर गळून जायला लागलं आणि खालून नवं, मऊ, कोवळं अस्तर वर आलं. तीस वर्षांत ज्याला कशाचा चटका ठाऊक नव्हता असं. तिसऱ्या आठवड्यात त्यांची पट्टी पिवळी झाली, संध्याकाळी लाल, आणि मलम लावायचं त्यांनी साफ नाकारलं. असल्या पट्टीला मी भीक घालत न्हाई म्हणाल्या. दोन दिवसांनी चार चट्टे एकदम. हेरवाडे बाई फोनवर म्हणाल्या, तंबाखू सुटल्यावर कुणाकुणाला असं होतं, काही आठवडे चालतं, डबीकडं जाऊ नका, मलम लावा. शालनताईंनी पेजेच्या वाटीपुढं बसून बोटानं मलम मागितलं. जुबेदानं घरी येऊन पिशवीभर जाईचा पाला ठेवला आणि दारातूनच ओरडली, “ताई, आता कळलं का माणूस कमी कशानं बोलतं?” शालनताईंना उत्तर देता आलं नाही. जुबेदाला ही संधी पुन्हा मिळणार नव्हती म्हणून ती अर्धा तास थांबली.

पट्टी जून सरता सरता हिरवी झाली, यावेळी खरीखुरी. एका रविवारी रेवतीनं वांग्याचं कालवण केलं, घरातल्या पिशवीतला कारखान्याचाच मसाला घालून. शालनताईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास घेऊन जिभेवर धरला, खोलीत धरायच्या तसा.

“हा घाणा कुणी सोडला?”

रेवतीनं पिशवी उलटी करून तारीख वाचली. “फेब्रुवारीतला आहे.”

“मी विचारलं, सोडला कुणी?”

“तुम्ही, आत्या.”

“एवढा तिखट?” शालनताईंनी भात ओढला, दही ओढलं. “माणसाला खाता येतंय का हे? आणि तुम्ही सातजणी काय करत होता? तुमच्या जिभा कुठं गेल्या होत्या?”

“तुमच्या निबर तोंडाला तो सातच लागला, आणि पहिला आकडा तुम्ही मोठ्यानं म्हणायचात. तुम्ही सात म्हटल्यावर नऊ कोण म्हणणार? मीसुद्धा सातच म्हणायची.”

विश्वजित ताटात बघून जेवत होता. तो गेली पाच वर्षं कालवणात गूळ घालून खात होता आणि घरात ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

शालनताई पिशवीवर बोट आपटून म्हणाल्या, “उद्या गेल्या गेल्या सगळ्यांचे आकडे कागदावर घे. कुणी मोठ्यानं म्हणायचं न्हाई, तूबी न्हाई. आणि मिरची शंभराला तीन किलोनं उतरव.”

“दोन.”

“तीन म्हणते मी.”

“एकदम तीन उतरवली तर गिऱ्हाईक म्हणेल मसाला बदलला. आधी दोन. पुढचं दिवाळीनंतर बघू.”

“मी तुला शिकवलं, आणि तू मला—”

“प्रमुख कोण आहे, आत्या?”

शालनताईंनी तोंड उघडलं. जीभ अजून भाजत होती. विश्वजितचा हात गुळाच्या वाटीवर तसाच थांबला.

“दोन तर दोन,” त्या म्हणाल्या. “पर आधी पाणी दे.”